क्षयाचे जिवाणू भंगारात काढू नका: नागपुरातून एक खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष व सर्व सदस्य,
प्रयोगशाळा व्यवस्थापन समिती, नागपूर

विषय: गोठवून ठेवलेल्या क्षयजिवाणूंच्या संग्रहाचे निर्लेखन थांबवण्याबाबत

महोदय, महोदया,

स.न.वि.वि.

आपल्या समितीने नुकतीच मंजूर केलेली निर्लेखनाची, म्हणजे मोडीत काढायच्या वस्तूंची, यादी माझ्या पाहण्यात आली. मोडक्या खुर्च्या, बंद पडलेला सेंट्रिफ्यूज, जुने संगणक आणि एक नादुरुस्त एसी यांच्या खाली त्या यादीत एक ओळ आहे: ‘जुने नमुने, उणे ८० फ्रीझर, सर्व रॅक’. शेऱ्याच्या रकान्यात फक्त ‘प्रकल्प संपुष्टात’ असे लिहिले आहे. या ओळीचा अर्थ असा, की विदर्भातल्या आणि शेजारच्या मध्य प्रदेशातल्या क्षयरुग्णांच्या थुंकीतून वर्षानुवर्षे वाढवलेले, औषधांपुढे तपासलेले आणि गोठवून ठेवलेले जिवाणू ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात, घालून नष्ट केले जातील आणि रिकामा झालेला फ्रीझर दुसऱ्या विभागाकडे जाईल. संस्थेचे नाव मी या पत्रात मुद्दाम घातलेले नाही, कारण मला कोणा एकाची बदनामी करायची नाही. शिवाय हाच शेरा उद्या दुसऱ्या एखाद्या प्रयोगशाळेच्या यादीतही येऊ शकतो. पत्र खुले ठेवले आहे ते एवढ्यासाठी, की ज्यांच्या छातीतून हे जिवाणू आले त्या लोकांना या निर्णयाची कोणीही कल्पना दिलेली नाही.

मी याच प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होते. क्षयजिवाणू ज्यावर वाढवतात ते लोवेनस्टाइन-जेन्सन माध्यम अंड्यांपासून बनते, त्यामुळे आमचा दिवस कित्येकदा अंडी साबणाने धुऊन, स्पिरिटने पुसून फोडण्यापासून सुरू होत असे. ते हिरवे माध्यम नळीत तिरके ठेवून उष्णतेने घट्ट करायचे, त्यावर प्रक्रिया केलेली थुंकी टाकायची आणि मग आठवड्यामागून आठवडे वाट पाहायची. क्षयाचा जिवाणू दुप्पट व्हायला अठरा ते चोवीस तास घेतो. इतर अनेक जिवाणू रात्रीतून वाढतात. याची वसाहत डोळ्यांना दिसायला तीन ते आठ आठवडे लागतात. दिसली की ती ब्रेडच्या चुऱ्यासारखी, पिवळसर आणि खडबडीत असते. त्यातला काही भाग औषधांच्या तपासणीला जाई आणि उरलेला ग्लिसरॉल घातलेल्या द्रवात मिसळून, छोट्या कुपीत भरून गोठवला जाई. कुपीवरचा क्रमांक आम्ही पेन्सिलीने लिहीत असू, कारण शाई स्पिरिटने पुसली जाते. त्या फ्रीझरमधल्या बऱ्याच कुप्यांवर माझे अक्षर आहे.

माझा संबंध एवढ्यावरच थांबत नाही. माझा धाकटा भाऊ कळमन्याच्या धान्य बाजारात एका अडत्याकडे दिवाणजी होता. २०१५ साली त्याला क्षय झाला. खासगी डॉक्टरांनी सीबीनॅट ही यंत्रावरची झटपट जनुकीय तपासणी करून घेतली. तिच्यात क्षयाचा जिवाणू सापडला आणि रिफाम्पिसिन या मुख्य औषधाला प्रतिरोध आढळला नाही. नेहमीची चार औषधे सुरू झाली. मी आग्रह धरून दुसरा नमुना कल्चरला, म्हणजे जिवाणू वाढवून तपासायला, दिला. त्याचा अहवाल यायला सात-आठ आठवडे लागले आणि त्यात जिवाणू आयसोनियाझिड या दुसऱ्या मुख्य औषधाला दाद देत नसल्याचे निघाले. रिफाम्पिसिन लागू पडते आहे ना, मग चालू द्या, असे आम्हाला सांगण्यात आले. पुढच्या टप्प्यात मुख्य औषधे दोनच राहिली, आयसोनियाझिड आणि रिफाम्पिसिन. त्यातले एक आधीच निकामी असल्यामुळे सगळा भार दुसऱ्यावर पडला. काही महिन्यांनी घेतलेल्या नमुन्यात रिफाम्पिसिनचाही प्रतिरोध आला, म्हणजे त्याचा क्षय एमडीआर, दोन्ही मुख्य औषधांना दाद न देणारा, झाला. कानामायसिनच्या इंजेक्शनांनी त्याची श्रवणशक्ती गेली. २०१७ साली तो वारला. त्याचे दोन्ही नमुने, प्रतिरोध वाढण्यापूर्वीचा आणि नंतरचा, आपल्या फ्रीझरमध्ये आहेत.

हे भावनेपोटी लिहिले आहे असे कोणाला वाटू नये. एकाच रुग्णाच्या आधीच्या आणि नंतरच्या अशा जोड्या हा या संग्रहातला सर्वांत मोलाचा भाग आहे, आणि माझ्या भावाची जोडी ही त्यांतली केवळ एक आहे. क्षयजिवाणू प्रतिरोध दुसऱ्या जिवाणूकडून उसना घेत नाही. तो त्याच्या स्वतःच्या जनुकांतल्या चुकांमधून येतो. आयसोनियाझिडपुढे टिकणारा जिवाणू साधारण दहा लाखांत एक असतो, रिफाम्पिसिनपुढे टिकणारा दहा कोटींत एक. फुफ्फुसात पोकळी झालेल्या रुग्णात जिवाणूंची संख्या कोट्यवधींत असते, म्हणून एकच औषध दिले की टिकणारे तेवढे उरतात आणि वाढतात. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या स्ट्रेप्टोमायसिनच्या चाचणीतच हे दिसले होते आणि औषधे एकत्र देण्याची पद्धत त्यातूनच आली. तेव्हा रुग्णाचा प्रतिरोध उपचारादरम्यान वाढला, की त्याला बाहेरून दुसऱ्याच प्रतिरोधी वाणाची, म्हणजे वेगळ्या वंशाच्या क्षयजिवाणूची, नव्याने लागण झाली, हा प्रश्न दिसतो तितका पुस्तकी नाही. पहिल्या बाबतीत दोष उपचारात असतो, दुसऱ्या बाबतीत वॉर्डातल्या, वस्तीतल्या, बसमधल्या हवेत. दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत, आणि कोणता लागू पडतो हे दोन्ही जिवाणूंचे जनुकक्रम शेजारी ठेवून वाचल्याशिवाय खात्रीने सांगता येत नाही.

आता माझे आक्षेप.

पहिला आक्षेप असा, की ‘जुने’ या शब्दाखाली आपण नेमके तेच टाकून देत आहात जे पुन्हा मिळणार नाही. बेडाक्विलिन हे औषध आपल्या देशात २०१६ साली, सुरुवातीला केवळ सहा केंद्रांतून, मर्यादित स्वरूपात देण्यास सुरुवात झाली. आज एमडीआर रुग्णाचा सहा महिन्यांचा नवा उपचार याच औषधाच्या पायावर उभा आहे. बेडाक्विलिन, प्रेटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन अशा त्या चौकडीला केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये मान्यता दिली. पूर्वीच्या दीड-दोन वर्षांच्या इंजेक्शनांच्या उपचारापुढे हे वरदान आहे आणि माझ्या भावाला ते मिळाले नाही याचे दुःख मला आहेच. पण बेडाक्विलिनलाही प्रतिरोध येऊ लागला आहे. त्याचा एक मार्ग आरव्ही ०६७८ नावाच्या जनुकातून जातो. हे जनुक बिघडले की जिवाणूच्या आवरणातला एक पंप जादा बनतो आणि औषध बाहेर फेकू लागतो. तोच पंप क्लोफाझिमिनही बाहेर फेकतो.

इथे विदर्भाचा प्रश्न सुरू होतो. क्लोफाझिमिन म्हणजे कुष्ठरोगाच्या बहुविध उपचारातली ती गोळी, जिने अंग काळवंडते. चंद्रपूर-गडचिरोलीच्या गावागावांत ती ओळखीची आहे. १९८० च्या दशकापासून ती या भागात वाटली जात आहे. ज्या प्रदेशात कुष्ठरोग आणि क्षय दोन्ही शेजारीशेजारी नांदले, तिथल्या क्षयजिवाणूंत बेडाक्विलिन येण्याआधीच या जनुकात काही बदल झाले होते का? याचे उत्तर ‘नाही’ असेही येऊ शकेल आणि तसे आले तर मला आनंदच होईल. परंतु ते शोधायचे तर २०१६ पूर्वीचे इथले जिवाणू लागतात. आज गोळा केलेला नमुना कितीही चांगला असला तरी तो २०१६ पूर्वीचा होऊ शकत नाही. हे साधे तारखेचे गणित आपल्या समितीतल्या एकाही सदस्याला सुचू नये, याचे मला नवल वाटते.

दुसरा आक्षेप. ‘आता यंत्रे आली, कल्चरची गरज राहिली नाही’ असे समितीच्या टिपणीत म्हटले आहे. सीबीनॅट आणि आपल्याच देशात विकसित झालेले ट्रूनॅट यांनी हजारो लोकांचे निदान आठवड्यांवरून तासांवर आणले, हे मी प्रत्यक्ष पाहिले आहे आणि त्याबद्दल माझे दुमत नाही. पण यंत्र जिथे बघते तिथलेच सांगते. सीबीनॅट आरपीओबी या जनुकातल्या डीएनएच्या ८१ अक्षरांच्या एका तुकड्यावर नजर ठेवते, कारण रिफाम्पिसिनचा प्रतिरोध आणणारे बहुतेक बदल तिथे होतात. त्या तुकड्याबाहेरच्या बदलाचे काय होते ते आफ्रिकेतल्या स्वाझिलँडने, आजच्या इस्वातिनीने, भोगले आहे. तिथल्या सर्वेक्षणातले सुमारे तीस टक्के एमडीआर वाण अशा एका बदलाचे निघाले, जो या यंत्राला दिसतच नाही. तो उघडकीला आला कारण तिथले जिवाणू कोणीतरी वाढवून ठेवले होते. शिवाय माझ्या भावाच्या बाबतीत घडले तसे आयसोनियाझिडचा प्रतिरोध त्या तपासणीत येत नाही. त्यासाठी एलपीए ही पट्टीवरची जनुकीय तपासणी किंवा कल्चर यांसारखी वेगळी तपासणी लागते. २०१४ ते २०१६ मध्ये झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात आयसोनियाझिडचा प्रतिरोध नव्या रुग्णांत ११.०६ टक्के आणि पूर्वी उपचार घेतलेल्यांत २५.०९ टक्के आढळला होता, हे समितीला ठाऊक असेलच. आणखी एक गोष्ट प्रयोगशाळेत न वावरलेल्या सदस्यांच्या लक्षात येणार नाही म्हणून सांगते. यंत्रात घालण्यापूर्वी नमुन्यातला जिवाणू रसायनाने मारला जातो, अहवाल येतो आणि हातात जिवंत काहीही उरत नाही. यंत्रे जितकी वाढतील तितके वाढवून ठेवलेले जिवाणू कमी होत जातील. त्यामुळे आधीच्या संग्रहाचे मोल चढत जाते, उतरत नाही.

तिसरा आक्षेप पैशांच्या हिशेबाबद्दल आहे. फ्रीझरचे वीजबिल, देखभालीचा करार आणि एप्रिल-मेमध्ये पारा पंचेचाळिशीपार गेला की दमणारे कॉम्प्रेसर यांचा खर्च खरा आहे, तो कोणीही नाकारू नये. पण एक कुपी भरण्यासाठी लागलेले आठवडे, संरक्षित प्रयोगशाळेतली हवा, एन-९५ मास्क आणि माणसांनी पत्करलेली जोखीम यांची किंमत निर्लेखनाच्या रकान्यात शून्य धरली गेली आहे. ती शून्य का, याचे कारणही मला माहीत आहे. संग्रह प्रकल्पाच्या पैशातून झाला, काम करणारे बहुतेक कंत्राटी होते, प्रकल्प संपला तशी माणसे गेली आणि कोणती कुपी कोणत्या वहीतली हे सांगणारे कोणी उरले नाही. ज्या वस्तूचा धनी नाही ती सरकारी कार्यालयात भंगार ठरायला वेळ लागत नाही. कायम पदे वर्षानुवर्षे रिकामी ठेवायची आणि मग सांभाळायला माणूस नाही म्हणून संग्रह मोडीत काढायचा, हा क्रम आपण तरी योग्य म्हणाल का?

चौथे, सुरक्षेचे कारण. प्रतिरोधी क्षयजिवाणू साठवणे जोखमीचे आहे, हे खरे. त्यासाठीच जैवसुरक्षेची तिसरी पातळी असते, हवेचा दाब उलटा ठेवलेला असतो, कुलूप आणि नोंदवही असते. यांतले काही ढिले पडले असेल तर ते दुरुस्त करावे. ढिलाईची शिक्षा संग्रहाला नको.

पाचवा आक्षेप मला सर्वांत जास्त सलतो. या जिवाणूंतून जे कळले तेही आपण लोकांना सांगितलेले नाही. मघाशी उल्लेखलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात एमडीआरचे प्रमाण नव्या रुग्णांत २.८४ टक्के आणि पूर्वी उपचार घेतलेल्यांत ११.६० टक्के आले. पण ते देशाचे आकडे आहेत, नागपूर, भंडारा किंवा गोंदियाचे नाहीत. आपल्याकडे एवढी वर्षे तपासण्या झाल्या असताना कोणत्या जिल्ह्यात कोणत्या औषधाचा प्रतिरोध वाढतो आहे याचे साधे वार्षिक पत्रकही निघू नये, हे मला समजत नाही. उमरेड-कामठीच्या कोळसा खाणी आणि मनसरच्या मँगनीज खाणी इथे आहेत, छिंदवाडा-बालाघाटहून रुग्ण नागपूरलाच येतात, आणि जिवाणूच्या वंशशाखांच्या दृष्टीनेही हा प्रदेश मधला आहे, कारण दक्षिण भारतात पहिली शाखा अधिक आढळते आणि उत्तरेत तिसरी. असा मोक्याचा प्रदेश नकाशावर कोरा राहतो, तो नमुन्यांअभावी नव्हे.

जुन्या जिवाणूचे काय करायचे, असे विचारणाऱ्यांसाठी एक उदाहरण पुरेसे आहे. आपल्या प्रयोगशाळेत प्रत्येक तपासणीसोबत तुलनेसाठी एच३७आरव्ही नावाचा वाण लावला जातो. त्याचा मूळ जिवाणू १९०५ साली अमेरिकेतल्या ट्रूडो आरोग्यधामातल्या एका एकोणीस वर्षांच्या क्षयरुग्णाकडून घेतला गेला. पुढे १९३० च्या दशकात त्यातून आजचा वाण वेगळा काढण्यात आला आणि १९९८ साली त्याचाच सुमारे ४४ लाख अक्षरांचा संपूर्ण जनुकक्रम प्रसिद्ध झाला. त्या रुग्णाच्या काळात क्षयावर एकही औषध नव्हते. त्याचा जिवाणू कोणीतरी नव्वदहून अधिक वर्षे एका नळीतून दुसऱ्या नळीत जगवत ठेवला, म्हणून आज आपल्याला उत्परिवर्तन, म्हणजे जनुकातला बदल, कशाच्या तुलनेत म्हणायचे ते कळते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली प्रतिरोधाशी संबंधित उत्परिवर्तनांची जी सूची काढली, तीही देशोदेशीच्या अशाच ३८ हजारांहून अधिक जिवाणूंवरून तयार झाली. जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश आपल्या देशात आहेत. तुलनेचा वाण अमेरिकेचा असला तरी चालेल, पण पुराव्यातला आपला वाटा आपणच ऑटोक्लेव्हमध्ये घालणे शोभणारे नाही.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची २०१७ ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वे जैविक नमुन्यांच्या बाबतीत संस्थेला राखणदार मानतात, मालक नव्हे. या संग्रहातल्या रुग्णांनी संमतिपत्रावर सही किंवा अंगठा दिला तेव्हा ‘पुढच्या रुग्णांच्या उपयोगी पडेल’ असे त्यांना सांगण्यात आले होते. सांगणाऱ्यांत मीही होते. राखणदाराने ठेव नष्ट करण्यापूर्वी निदान विचारायला हवे होते.

म्हणून माझ्या मागण्या अशा आहेत. निर्लेखनाच्या यादीतून ही ओळ तातडीने वगळावी आणि तसा लेखी आदेश प्रयोगशाळेच्या दारावर लावावा. फ्रीझरला स्वतंत्र जनरेटर आणि तापमान चढताच सूचना देणारी यंत्रणा जोडावी, आणि प्रत्येक जिवाणूची एक प्रत दुसऱ्या ठिकाणी, शक्य असल्यास एखाद्या राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळेत, ठेवावी. रुग्णांची ओळख पूर्ण काढून टाकून वर्ष, जिल्हा, आधीचा उपचार आणि औषधतपासणीचा निकाल एवढी माहिती असलेली सूची तयार करावी. पहिल्या टप्प्यात २०१६ पूर्वीचे जिवाणू आणि एकाच रुग्णाच्या जोड्या यांचे जनुकक्रम वाचून घ्यावेत; त्यासाठी संस्थेकडे यंत्र नसेल तर ज्या राष्ट्रीय संस्थांकडे आहे त्यांच्याशी करार करावा. दरवर्षी २४ मार्चला क्षयरोग दिनाच्या फेऱ्या निघतात आणि भाषणे होतात. त्याच दिवशी विदर्भाचे जिल्हानिहाय प्रतिरोध-पत्रक मराठीत प्रसिद्ध करावे. संग्रह सांभाळण्यासाठी किमान एक कायम पद भरावे. आणि संग्रह ठेवणे कोणत्याही परिस्थितीत अशक्य आहे असे समितीचे मत असेल, तर कारणे जाहीर करावीत व नष्ट करण्यापूर्वी प्रत्येक कुपीतून डीएनए काढून ठेवावा. हा शेवटचा पर्याय अपुरा आहे, कारण मेलेल्या जिवाणूवर उद्याचे नवे औषध तपासून पाहता येत नाही. तरीही काहीच न उरण्यापेक्षा तो बरा.

२०२५ पर्यंत क्षयमुक्त होण्याचे उद्दिष्ट आपण २०१८ साली जाहीर केले होते. त्यानंतर २०२३ आणि २०२४ मध्ये औषधांचा तुटवडाही पाहिला आणि गोळ्यांसाठी रिकाम्या हाताने परतणारे रुग्णही पाहिले. औषध खंडित झाले की प्रतिरोधाला वाव मिळतो. त्या तुटवड्याचा काय परिणाम झाला हेदेखील आधीचे आणि नंतरचे जिवाणू ताडून पाहिल्याशिवाय कळणार नाही.

या पत्राचे उत्तर समितीने पुढील बैठकीनंतर लेखी द्यावे आणि ते सूचनाफलकावरही लावावे, अशी विनंती आहे. कुप्यांवरचे क्रमांक आणि जुन्या वह्यांतल्या नोंदी जुळवण्याचे काम मी विनामोबदला करून देण्यास तयार आहे. माझ्याबरोबर काम केलेल्या दोघीजणीही यायला तयार आहेत. सुरक्षेचे जे नियम असतील ते पाळू. फक्त आत येण्याची परवानगी आणि वह्यांच्या कपाटाची किल्ली मिळावी.

आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ
नागपूर